कट्टा विकण्याचं कारण

ती. वन्सं यांना,

चादरी साबणात भिजत घातल्या होत्या, एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाजी, आणि मी ओलं फडकं घेऊन खिडकीचे गज पुसत होते, तेवढ्यात आतून ह्यांनी हाक मारली. "अगं, ये जरा, बघ तरी!" तुमच्या भावाची हाक म्हणजे काय दुर्मीळ वस्तू ते तुम्हाला सांगायला नको. चहा हवा असला तरी हा माणूस रिकामा कप हातात घेऊन दारात उभा राहायचा, तोंड उघडायचा नाही. म्हणून मी गॅस बारीक केला आणि हात पुसत आत गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन माणसांचं लिहिणं एकाखाली एक दिसत होतं. हे म्हणाले, ह्यानं त्याला फसवलं होतं, त्यानं ह्याला चोर म्हटलं होतं, आता बघ, दोघं एकमेकांना साहेब, साहेब म्हणतायत. चेहरा असा फुललेला, जसं काही दोघांचं लग्नच जमवलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी "हो का" म्हटलं आणि दूध उतू जायच्या आत परत फिरले. बाकी त्या सकाळी काही झालं नाही. चादरी पिळल्या, दोरीवर टाकल्या, हे जेवले, वामकुक्षी झाली, उठले. अशा सकाळी चिक्कार गेल्या. पण आठवायला बसलं की हीच पुढे येते. का, ते विचारू नका.

बघा, नमस्कार करायचा राहूनच गेला. साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? नवा चष्मा मानवला का, की अजून जुनाच लावून नवा पर्समध्ये ठेवताय? इकडे मी बरी आहे. जेवते, झोपते, नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतला. तुमचं पत्र पोचलं. वरची खोली रंगवून घेतलीत, माझ्यासाठी पलंग बघून ठेवलात, हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, ते यंत्राचं खटलं विकलंस का एकदाचं? त्याचीच हकीकत कळवायला बसले आहे. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी हे खटलं काय आहे ते सांगते, कारण तुम्ही दरवेळी 'त्या यंत्रानं माझा भाऊ खाल्ला' एवढंच म्हणता आणि पुढचं ऐकून घेत नाही. वेबसाइट म्हणजे दुकानच, फक्त शटर नाही. कुणी हौसेनं ते उघडतं, सजवतं, गिऱ्हाईक जमवतं, मग कंटाळतं आणि विकायला काढतं. दुसरा कुणी ते घेतो, झाडूनपुसून चालवतो, जमलं तर तिसऱ्याला विकतो. छापखाना बंद पडल्यावर हे ह्याच धंद्यात शिरले. आमच्याकडे एके काळी मत्स्यालयाच्या माशांची वेबसाइट होती (घरात मासा नाही), मग टोपांची, म्हणजे डोक्यावर लावायच्या केसांची, आणि पुष्कळ दिवस घोरण्यावरच्या उपायांची. ती चालवताना हे खुर्चीतच डुलकी घ्यायचे आणि असे घोरायचे, की कुणा गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं असतं तर धंदा बसला असता.

ह्या धंद्यातली अडचण अशी, की कुणाचा कुणावर विश्वास नाही. विकणारा म्हणतो आधी पैसे, घेणारा म्हणतो आधी किल्ल्या (किल्ल्या म्हणजे पासवर्ड, आता मला एवढं कळतं). दोघं आपापल्या गावी बसून एकमेकांकडे डोळे वटारतात. म्हणून ह्यांनी कट्टा काढला. कॉम्प्युटरवरच, पण बसायची जागा असावी तसा. वेबसाइटी घेणारे आणि विकणारे तिथं यायचे, ओळख करून द्यायचे, गप्पा मारायचे, भांडायचे. सौदा ठरला की पैसे ह्यांच्याकडे, किल्ल्या ह्यांच्याकडे. घेणाऱ्यानं दुकान उघडून बघायचं, समाधान झालं की हे दोन्ही इकडचं तिकडे करायचे. ह्याला हे 'मध्ये बसणं' म्हणायचे. लोक त्यांना मधले काका म्हणू लागले. सुरुवातीला कट्ट्यावर हे आणि एक रंगाचा दुकानदार एवढेच होते. नंतर इतकी माणसं जमली, की मी केर काढताना उगीच पायांखाली येतील असं वाटायचं.

आता गंमत सांगते. घरात मौनाचं व्रत घेतलेला हा माणूस तिथं तोंडाला कुलूप म्हणून लावत नव्हता. मी आता ते सगळं वाचत आले आहे, कट्ट्याच्या पहिल्या दिवसापासूनचं, रोज सकाळी थोडं थोडं. (माझं वाचन तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सुटली ती सुटलीच. छापखान्यातून रद्दीचे छापील ताव हे घरी आणायचे, ते जुळवून जुळवून मी वाचायला शिकले. अर्ध्या पुस्तकांचा शेवट मला आजही माहीत नाही.) कुणी नवा आला की हे लिहायचे, घाई करू नकोस, आठवडाभर नुसतं बघ, जो मालक आपलं दुकान रोज झाडतो त्याचंच घे. एकाला धंद्यात खोट आली, तर ह्यांनी त्याला पानभर लिहिलं आहे. मला आयुष्यात पानभर लिहिलेलं नाही. राग नाही हो. आता वाचते आहे ना मी. माझ्यासाठी नव्हतं, पण मिळालं मलाच.

तर, आजारपणात ह्यांना बसवेना. कट्ट्यावर लोक विचारायचे, काका, हे बघा ना, काका, तेवढं सांगा ना. मी ह्यांच्या खात्यातून उत्तर द्यायची, 'बघतो' किंवा 'कळवतो'. हे गेले, तरी सकाळ झाली की हात आपोआप यंत्राकडे जायचा, आणि लोकांना ताटकळत कसं ठेवायचं म्हणून मी लिहायची, 'बघतो', 'कळवतो'. कुणाला काही फरक जाणवला नाही, वन्सं. एवढा मोठा माणूस गेला आणि त्याची जागा भरायला दोन शब्द पुरले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी भांडी घासली.

मग तुमचं ते आधीचं पत्र आलं, की विक ते आणि ये इकडे. मी म्हटलं ठीक, वन्सं सांगतात तर विकू. कट्टा हीसुद्धा शेवटी वेबसाइटच, आणि विकायची जागा तरी दुसरी कुठली, कट्ट्यावरच जाहिरात लावायची. जाहिरातीचे नियम ह्यांनीच घातलेले. दुकान कसलं, रोज माणसं किती येतात, आणि शेवटी विकण्याचं कारण. हे कारण म्हणजे सगळ्या धंद्याचा विनोद आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरं कारण कुणी लिहीतच नाही. 'वेळ मिळत नाही' म्हणजे गिऱ्हाईक आटलं. 'दुसऱ्या कामात लक्ष घालायचं आहे' म्हणजे गिऱ्हाईक कधी नव्हतंच. आणि घरात कुणी गेल्याचं लिहिलं, की तो गिऱ्हाइकाला घाई करायला लावायचा सगळ्यात जुना डाव. मी आपली साधी बाई. मी लिहिलं, 'मालक वारले.' आणि दिलं लावून. ह्यांच्याच खात्यातून. म्हणजे वर ह्यांचं नाव, शेजारी ह्यांचा हसरा फोटो, बाजूला 'आत्ता हजर आहेत' असं सांगणारा हिरवा ठिपका, आणि खाली स्वतःच्या हातानं जाहीर, की मालक वारले.

वन्सं, जो काही गदारोळ झाला! एकानं लिहिलं, काका, तुम्हीसुद्धा? दुसऱ्यानं लिहिलं, गेल्या महिन्यात एकाची आजी वारली होती, पण ती त्याच्या आधीच्या दोन दुकानांच्या वेळीही वारलीच होती. तिसरा म्हणाला, वारले म्हणता, मग आज सकाळी मला 'बघतो' कोण म्हणालं? मी घाबरून लिहिलं, 'मी त्यांची पत्नी आहे.' संपलं. तिथून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, की कुणा भामट्या बाईनं काकांचं खातं फोडलं आहे आणि त्यांना जिवंतपणी मारून त्यांचा कट्टा विकायला काढला आहे. मग ह्यांच्या नावानं खासगी निरोप सुरू झाले. काका, सावध व्हा. काका, पासवर्ड बदला. काका, तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत, कट्टा विकू देणार नाही. सबंध दुपार निरोप येत होते. मी चोर ठरले होते आणि पडद्यासमोर बसून रडत होते. अपमानानं नाही. तुमच्या भावाला वाचवायला इतकी माणसं धावली होती. दवाखान्यात आपण दोघीच होतो.

शेवटी कट्ट्यावरच्या जुन्या जाणत्या तिघांनी ठरवलं, की ह्या बाईला समोरासमोर तपासायची. पडद्यावर चेहरे दिसतात ना, तसं. ह्या लोकांची सवयच आहे, दुकान घेण्याआधी पाया, भिंती, नळ, सगळं ठोकून बघायचं. तसं मला ठोकून बघायला हे तिघं बसले. एक डॉक्टर (तोच तो रंगाचा दुकानदार, पण मरायला टेकलेल्या वेबसाइटी जगवतो म्हणून डॉक्टर). एक मामी, पाळणाघर चालवतात आणि लहान मुलांच्या नावांच्या वेबसाइटी घेतात. आणि तिसरा टोपीवाला, ज्याला टोपीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. मी केस विंचरले, इस्त्रीची साडी नेसले आणि ह्यांच्या खुर्चीत न बसता बाजूला स्टूल ओढून बसले.

डॉक्टर म्हणाले, आम्ही काकूंना पाहिलेलं नाही, पण त्यांचा स्वभाव आम्हाला पाठ आहे. मी म्हटलं, विचारा. तर पहिला प्रश्न, काकांच्या अंगावर काकूंनी उशी कशावरून भिरकावली होती? मी उडालेच. मी म्हटलं, अहो, मी कधीच काही भिरकावलं नाही. तिघांनी माना हलवल्या. मामींनी विचारलं, बरं, रागानं यंत्राची वायर उपटली होती, ती कधी? मी म्हटलं, वायरला हात लावायची मला भीती वाटते. टोपीवाला म्हणाला, काकूंचा आवाज तीन घरांपलीकडे जातो असं काका सांगायचे, आणि तुम्ही तर बाई केवढं गोड बोलताय. तिथंच खटकतंय.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सौदा गळ्यात पडायला लागला, किंवा कुणी बोलबोलून भंडावलं, की हे लिहायचे, 'चला, उठतो, घरून ओरडा आहे.' ते मी वाचलेलं होतं, आणि ही कोण ओरडणारी, म्हणून मनात हसलेही होते. तुमच्या भावाच्या तोंडातून माणसाला 'नाही' म्हणून जायचं नाही, म्हणून त्यानं नाही म्हणणारी एक बायको तयार करून ठेवली होती. हळूहळू तिला उशा फेकायला शिकवलं, वायरी उपटायला शिकवलं. सगळा कट्टा तिला वचकून होता. आणि आता मी तिच्या जागी नापास होत होते. माझ्याच नवऱ्याची बायको म्हणून.

मी समजावून सांगायला लागले, पण टोपीवाला मध्येच म्हणाला, ते राहू द्या, काका गेलेत याचा पुरावा काय? आणि कागद दाखवू नका, कागद कुणीही बनवतं.

त्यानंतर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, मामींनी नंतर सांगितलं. मी म्हणे ताडकन उठले आणि ओरडले, "पुरावा पाहिजे? ही खुर्ची बघ! नीट बघ, आहे का कुणी? हा चष्मा बघ, पुसून ठेवते रोज, कुणी लावत नाही! रोज किती येतात, किती जातात, हेच विचारता ना रे तुम्ही? लिही मग, एक गेला! एकच होता, तो गेला! अजून काय ठोकून बघायचंय?" आणि हाताला लागली ती उशी मी यंत्रावर फेकून मारली. खुर्चीतली, ह्यांच्या पाठीची.

चित्र हललं, वाकडं झालं. मग मामींचा बारीक आवाज आला, "ह्याच त्या." डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. आणि टोपीवाल्यानं टोपी काढली. (डोक्यावर एक केस नाही हो. ह्यांनी टोपांची वेबसाइट त्यालाच विकली असणार.) मी उशी उचलून खुर्चीत ठेवली आणि परत स्टुलावर बसले. तिरक्या चित्रात.

दुसऱ्या दिवशी जाहिरातीखाली, 'विकण्याचं कारण: मालक वारले' याच्यापुढे तिघांनी शेरा मारला, 'तपासून पाहिलं, कारण खरं आहे.' हा शेरा कट्ट्यावर आजवर कुठल्याच कारणाला मिळाला नव्हता म्हणे. मी तो वाचला आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा खरोखर कळलं, की हे गेले. तुम्ही सांगितलं होतंत, दवाखान्यानं सांगितलं होतं, पण ठोकून कुणी बघितलं नव्हतं. मग माणसं येऊन एकेक ओळ लिहून जायला लागली. ज्याच्या मध्ये हे बसले होते तो प्रत्येक जण. मी सगळ्यांना 'कळलं' एवढंच उत्तर दिलं. ह्यांचं 'कळवतो' आता लिहिता येईना, आणि माझं 'कळवते' लिहायचं सुचलं नाही.

आता विक्रीचं. एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. सभ्य आहे. चपला बाहेर काढून आत आला, पाणी मागून प्यायला. त्याला कट्टा हवा आहे. त्याच्या दोन अटी आहेत. एक, मी महिनाभर त्याच्या माणसांना सगळं समजावून द्यायचं. हा कट्ट्याचाच नियम आहे, विकणाऱ्यानं महिनाभर सोबत राहायचं आणि विचारतील ते सांगायचं. तुमच्या भावानं हा नियम साऱ्या दुनियेला घातला आणि स्वतः मात्र मला एक दिवसही दिला नाही. गॅसचं पुस्तक कुठं आहे तेसुद्धा मी शोधून काढलं. दुसरी अट, जुनं लिहिणं सगळं काढून टाकायचं, ह्यांच्या खात्यासकट. तो म्हणाला, काकू, ते नुसतं ओझं आहे, कुणी वाचत नाही. मी म्हटलं, मी वाचते. तो म्हणाला, तुम्ही एकट्या हो. आकडेवारीत एक माणूस दिसत नाही. त्यानं हे वाईट हेतूनं म्हटलं नाही. खरंच दिसत नाही, मी शोधून पाहिलं.

त्याला उद्या उत्तर द्यायचं आहे. तुम्ही म्हणता ते शहाणपणाचं आहे. मी एकटी बाई, मला त्यातलं किती कळतं, किती दिवस रेटणार? अडून राहिलेले सौदे तसेच पडले आहेत, कारण मध्ये बसायला कुणी नाही. ह्यांचं वाचायचं फार उरलेलं नाही, ते उरकेपर्यंत थांब म्हणून पट्टेवाल्याला कुठल्या तोंडानं सांगू? तेव्हा विकायचं ठरवलं आहे. उद्या त्याला हो म्हणून कळवते आणि सामान बांधायला घेते. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. लोणच्याच्या बरण्या जड असतात, त्या उचलायला वाकू नका. तुमचे गुडघे तुमच्या भावासारखेच आहेत, दुखतात तरी बोलत नाहीत.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. पलंगाचे पैसे अजून दिले नसतील तर थोडं थांबा. सहज म्हणून लिहिते.

ता.क. आणखी एक राहिलं. ह्यांनी कट्ट्यावर तुमच्याबद्दल लिहिलं आहे. 'भाव करायला मी माझ्या ताईकडून शिकलो. ती न घेता दुकानातून उठायची, दारापर्यंत जायची आणि मागे वळून बघायची नाही. दुकानदार धावत यायचा. मला अजून ते मागे न बघणं जमत नाही.' हे मी उतरवून पाठवते आहे, कारण परवा ते काढून टाकतील.

ता.क. खरं सांगायचं तर वन्सं, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते वर कुठंच लिहिलेलं नाही. मला ती खोली नको आहे. मला तुम्ही हव्या आहात, कट्ट्यावर. तिथं दोन बायका लागणार आहेत. मध्ये बसायचं मी शिकेन, तेवढं वाचून वाचून कळत आलं आहे. पण कुणी खोटं बोलला, दमदाटी करायला लागला, तर त्याला झाडायला माझ्यात दम नाही. उशी मी आयुष्यात एकदाच फेकली. तुमच्या तोंडाला मी लग्न झाल्यापासून घाबरत आले आहे, ते आता कामाला यावं अशी इच्छा आहे. नातवाकडून खातं उघडून घ्या. नवीन चष्मा लावा. नाही म्हणणार असाल तर पत्रानं म्हणा, फोनवर म्हणू नका.

ता.क. काल हे पत्र टाकायला घराबाहेर पडले नाही, म्हणून आज पुढचं लिहिते. सकाळी पट्टेवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला विचार करा, मी म्हटलं केला. मग ह्यांच्या खात्यातून बाहेर पडले आणि माझ्या नावाचं खातं उघडलं. दुपारी मामी आणि एक नवा माणूस यांचा अडलेला सौदा होता. त्यानं पैसे पाठवले, मामींनी किल्ल्या पाठवल्या, आणि मी दोघांच्या मध्ये बसले.